झमकू भुआची बैठक

मी आमच्या चौकातल्या सगळ्या पुरुषांना पायांवरून ओळखते. सून म्हणून इथे आले त्याला अडतीस वर्षं झाली, आणि अडतीस वर्षं पाट्यासमोरून जायचं ते घूंघट छातीपर्यंत ओढून, चपला हातात घेऊन, भिंतीच्या कडेकडेनं. मग दिसणार काय? पाय! बुलाकीदास महाराजांच्या डाव्या अंगठ्याचं नख काळं आहे. मग्घाच्या टाचा अशा फुटल्यात की भेगेत हरभरा अडकून बसेल. आमच्या ह्यांचे पाय तर काय, जन्मभर चेपलेत. तोंडं बघायचा योग यायचा तो लग्नकार्यात, आणि ती बघितल्यावर फार मोठं काही हुकलं होतं असं मला कधी वाटलं नाही.

पाटा म्हणजे चटणी वाटायचा नव्हे. चौकाच्या मधोमध मांडलेला रोहिड्याच्या लाकडाचा भला मोठा चौथरा, त्यावर पंधरा माणसं मांडी घालून बसतील. बिकानेरच्या जुन्या शहरात चौक तिथे पाटा, आणि पाटा तिथे सकाळपासून पुरुष. करतात काय म्हणाल तर भुजिया खातात, पत्ते कुटतात. अमेरिकेचा अध्यक्ष आमच्या पाट्यावर अमेरिकेच्या आधी ठरतो. कालव्याचं पाणी कुणी अडवलं, पाऊस का नाही, कुणाची मुलगी कुठे द्यावी, सगळ्याचा निकाल दुपारच्या झोपेच्या आत. उंटावरून शेळ्या हाकायला आमच्या माणसांना खरे उंटसुद्धा आहेत. आणि घरात दोन दिवसांआड नळ येतो, तेव्हा मोटर लावायला हाक मारा. खालून उत्तर येतं, "आलो आलो, एवढा डाव होऊ दे." डाव होतो तेव्हा पाणी गेलेलं असतं. मग वरून मलाच विचारतात, "अजून आंघोळीचं पाणी काढलं नाहीस?"

आमचे हे, दाऊलाल व्यास, रेल्वेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. निवृत्त झाल्यानं नक्की काय बदललं ते मला अजून कळलेलं नाही. आधी संध्याकाळी पाट्यावर असायचे, आता सकाळीही असतात.

या पाट्याची मालकीण म्हणायची तर झमकू भुआ. भुआ म्हणजे आत्या. कुणाची सख्खी नव्हे, साऱ्या चौकाची. तिच्या वडिलांनी हा पाटा करवून आपल्या दारासमोर ठेवला. सोळाव्या वर्षी विधवा होऊन ती माहेरी परतली ती एकोणऐंशीव्या वर्षी मरेपर्यंत त्याच घरात राहिली. आईवडील गेले, भाऊ कोलकात्याला धंद्याला गेला तो तिकडेच संपला. ही पापड लाटून पोट भरायची. आणि रोज पहाटे उठून पाटा झाडायची. आमच्याकडे रात्रीतून वाळूचा थर बसतोच, आज झाडा, उद्या पुन्हा आहेच. झाडायची, ओल्या फडक्यानं पुसायची, आणि कोपऱ्यातल्या तिवईवर माठ भरून ठेवायची. त्रेसष्ट वर्षं. त्या पाट्यावर स्वतः बसली किती वेळा? एकदाही नाही. बापाच्या पाट्यावर लेकीनं टेकायचं नाही, आणि परक्या बाप्यांनी पाय पसरायचे. वर ओरडायचं, "भुआ, माठ रिकामा झाला हो!" की ही घागर घेऊन हजर.

मला तिचा राग यायचा. मी म्हणायची, "भुआ, एक दिवस नका भरू माठ. बघू दे मेल्यांना." ती हसायची. दात नव्हतेच, हसली की सगळं तोंड आत जायचं. "अगं, उन्हातान्हाचे येतात. असू दे."

पाट्याचं एकच काम मला कधी खटकलं नाही. कुणाच्या घरी माणूस गेलं की पाट्यावर पांढरी चादर अंथरतात आणि त्या घरचा पुरुष बारा दिवस तिथे बसतो. जो कोणी रस्त्यानं जाईल तो पायताण काढतो, हात जोडतो, चादरीच्या काठाला टेकतो आणि विचारतो, "काय झालं होतं?" मग घरच्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायचं. शंभरावा माणूस आला तरी पहिल्यापासून. सांगून सांगून बाराव्या दिवसापर्यंत त्याला स्वतःला ते पटतं. तोवर पत्ते बंद, वर्तमानपत्र बंद, मोठ्यानं बोलणं बंद. चादर अंथरली आणि एकानं विचारलं की बैठक सुरू झाली, मग मधे लग्न निघो नाहीतर आंधी येवो, बारा दिवस चादर उचलायची नाही.

भुआनं त्या प्रत्येक बैठकीला पाणी पाजलं होतं. मागच्या थंडीत आम्ही दोघी तिच्या गच्चीवर पापड वाळत घालत होतो. ती एकाएकी म्हणाली, "किस्तूरी, माझ्या नावानं कोण बसेल गं?"

"असं काय बोलता? सगळा चौक बसेल."

"सगळा चौक नको सांगूस. एक नाव सांग."

भावाचा मुलगा जुगल कोलकात्याला. दिवाळीला फोन केला तर केला. तिनं पापड उलटा केला आणि माझ्याकडे बघत राहिली. माझ्यानं राहवेना. मी म्हटलं, "आमच्या गिरिराजचे बाबा बसतील. मी सांगते ना! मी शब्द दिला."

"दाऊ बसेल?" ती इतकी खूश झाली की मलाच लाज वाटली. "लहानपणी माझ्या कडेवर असायचा. बसेल, बसेल." त्यानंतर ह्यांच्यासाठी माठातल्या पाण्यात ती वाळा टाकू लागली. ह्यांना वाटलं, म्हातारीला बुद्धी सुचली.

भुआ गेली ती अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी. आमच्या शहराचा तो वाढदिवस. घरोघरी खिचडा आणि चिंचेचं सरबत, आणि अंगाची लाही होत असताना सगळं शहर गच्चीवर पतंग उडवतं. साऱ्या जगात पतंग थंडीत उडवतात, आम्ही वैशाखात. शहाण्यांचं शहर! सकाळी आठपासून पाटा भरलेला. मांज्याच्या फिरक्या, भुजिया, आरडाओरडा. साडेअकराला मी खिचड्याची वाटी घेऊन भुआकडे गेले. दार लोटलेलं होतं. दारामागच्या बोळकांडीत ती पडली होती, हातात केरसुणी. अंग थंड आणि ताठ. डॉक्टर म्हणाले, सहा-साडेसहालाच गेली असणार. म्हणजे पाटा झाडून, माठ भरून आत वळली आणि गेली. बाहेर साडेतीन तास बारा माणसं तिचं पाणी पीत बसली होती. माठ संपला तेव्हा एकानं तीनदा हाकही मारली. दारापासून पाट्यापर्यंत दहा पावलं. मी नंतर मोजली.

पुढचं सगळं रीतीनं झालं, नाही कशाला म्हणू? खांदे दिले. अग्नी चौकातर्फे मग्घानं दिला. हा मग्घा पन्नाशीचा घोडा, आणि परतल्यावर दोन घागरी डोक्यावर ओतून संध्याकाळी पाचला पुन्हा गच्चीवर, पतंग कापला की "बोई काट्या!" म्हणून बोंबलत. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं. हातात उलथनं होतं, ते फेकून मारणार होते.

रात्री पाट्यावर निवाडा झाला. जुगलला फोन लावला, आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"मी इथे गंगेकाठी दिवस करतो ना काकाजी," जुगल म्हणाला, "तिकडे उगाच बैठक कशाला? बसणार कोण? लोकांना त्रास."

"शहाणा मुलगा आहे," मग्घा म्हणाला.

बुलाकीदास महाराज म्हणजे पाट्याचं सर्वोच्च न्यायालय. वय ऐंशी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ते म्हणाले, "घरचा पुरुष नाही, तर बैठक कुणाची? आणि उद्या तीज. सगळं शहर पतंगात. झमकू पुण्यवान, सुटली. बैठक नको."

सगळ्यांनी माना हलवल्या असणार. मला खिडकीतून फक्त टाळकी दिसत होती. एकही टाळकं वर झालं नाही. त्यात आमचंही होतं.

हे जेवायला वर आले, तेव्हा मी ताट वाढलं आणि समोर बसले. "उद्यापासून तुम्ही बसा."

"कुठे?"

"पाट्यावर. भुआच्या नावानं."

"मी? मी तिचा कोण?"

"लहानपणी कडेवर बसायला कोण होतात?"

"अगं, चौकानं ठरवलंय. मी एकटा बसू? लोक हसतील. दाऊलाल व्यास पापडवालीच्या नावानं बसलाय म्हणतील."

"पापडवाली!" माझं डोकंच फिरलं. "त्रेसष्ट वर्षं तुमच्या बुडाखालची वाळू काढली तिनं! मी शब्द दिलाय तिला, तुमच्या नावाचा."

"मला न विचारता?"

"तुम्हाला विचारायला तुमचा डाव कधी संपतो?"

त्यांनी अर्धं जेवून ताट सरकवलं. मीही आग्रह केला नाही. अडतीस वर्षांत पहिल्यांदा.

पहाटे पाचला मी आंघोळ केली. कपाटातली कोरी पांढरी चादर काढली. खाली जाऊन पाटा झाडला, पुसला, माठ भरला, कारण आता ते तरी कोण करणार होतं? चादर अंथरली, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. आणि घूंघट गळ्याच्या खाली ओढून पाट्यावर चढून बसले. 

साडेसातला पहिले पाय आले. काळं नख. बुलाकीदास महाराज नेहमीच लवकर येतात, भिंतीकडेची जागा धरायला. पांढरं काहीतरी अंथरलंय एवढं त्यांना दिसलं असावं. मोजडी काढली, हात जोडले, चादरीच्या काठाला टेकले, दोन क्षण मान खाली घालून बसले. आयुष्यात हजार वेळा केलेलं, त्याला डोळे लागत नाहीत. मग खोल आवाजात म्हणाले, "काय झालं होतं?"

विचारलंय म्हटल्यावर सांगायचं, ही रीत. मी सांगितलं. पहाटे उठल्या, पाटा झाडला, माठ भरला, आत वळल्या आणि कोसळल्या. आठपासून इथे बारा माणसं होती. माठ संपला तेव्हा कोणीतरी तीनदा हाक मारली. साडेअकरापर्यंत कुणी दार ढकललं नाही.

"हरीची इच्छा," महाराज म्हणाले. मग त्यांच्या पायांची बोटं आक्रसली. "हा बाईचा आवाज. कोण बसलंय?" अडतीस वर्षांत मी त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलले होते.

तेवढ्यात फुटक्या टाचा धावत आल्या. "महाराज! काय करून बसलात हे!"

"काय केलं?"

"विचारलंत ना तुम्ही!"

"चादर दिसली. विचारायचं नाही?"

"अहो, बैठक नाही म्हणून काल तुम्हीच ठरवलंत!"

"काल चादर कुठे होती?" महाराज खवळले. "पांढरी चादर बघून न विचारता जायला मी काय दिल्लीचा आहे?"

"बरं, चुकून झालं. भाभी, उचला ती चादर, उतरा खाली. सणाचा दिवस आहे."

महाराजच बोलले, आणि फार जड आवाजात बोलले. "मग्घा, विचारून झालं. तिनं सांगून झालं. आता बारा दिवस उचलता यायची नाही."

"मग आम्ही बसायचं कुठे?"

"ते मला नको विचारूस. मलाही घरी जावं लागणार आहे."

घूंघटाच्या आत मी ओठ चावून धरले. बैठकीत हसू नये.

मग ते पाय आले, मी चेपलेले. माझ्यासमोर येऊन उभे राहिले. चप्पल काढली नव्हती. "गिरिराजची आई, ऊठ. शोभा झाली तेवढी पुरे."

"बैठकीत मोठ्यानं बोलत नाहीत," मी म्हटलं.

पाय वळले आणि गेले. मागून मग्घा म्हणाला, "दाऊ, तुझी बायको म्हणजे अवघड प्रकरण आहे बाबा." त्यावर ह्यांनी काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही.

पहिले दोन दिवस वाईट गेले. वर आभाळभर पतंग, गच्च्यांवरून आरोळ्या, आणि खाली मी, ओढणीखाली उकडलेल्या रताळ्याची अवस्था. चौकातला एकही पुरुष फिरकला नाही. बायका येताजाता थांबायच्या, "किस्तूरी, काय गं हे," असं दबक्या आवाजात म्हणायच्या आणि पळायच्या. जणू मी त्यांच्या अंगणात भूत आणून बसवलं होतं. घरी हे बोलत नव्हते. ताट वाढलं की जेवायचे, भिंतीकडे बघून.

पण एक गोष्ट चौकातल्या शहाण्यांच्या लक्षात आली नव्हती. आमचा चौक वाटेवरचा आहे, आणि या शहरात पांढरी चादर बघून बुलाकीदासच नव्हे, कुणालाच पुढे जाता येत नाही. तिसऱ्या दिवशी दूधवाला टेकला. "काय झालं होतं?" मी सांगितलं. मग पापडांचा माल न्यायला येणारा मुनीम आला. त्याला माहीतच नव्हतं, तो लहान मुलासारखा रडला. मग सत्तार उंटगाडीवाला आला. "भुआ माझ्या उंटाला पाणी पाजायची, माझ्या आधी," म्हणाला. त्यानं गाडीवरची जुनी ताडपत्री काढून माझ्या डोक्यावर चार बांबूंना बांधली. पोस्टमन, बांगड्यावाली, दोन गल्ल्यांपलीकडचा शिंपी. प्रत्येकानं विचारलं आणि प्रत्येकाला मी पहिल्यापासून सांगितलं. "माठ संपला तेव्हा कोणीतरी तीनदा हाक मारली," इथे आलं की माझी जीभ जड व्हायची. कोणीतरी! तो आवाज मी झोपेतसुद्धा ओळखीन. पण संसार आहे, सांगणार कशी? मी कोणीतरीच म्हणत राहिले, आणि दर खेपेला ते मला जास्त टोचायचं.

चौथ्या दिवशी बुलाकीदास महाराजांची बायको धापूबाई आली. तिचं नाव धापू, म्हणजे पुरे झालं; चौथी मुलगी झाली म्हणून बापानं ठेवलेलं. पंचाहत्तर वर्षं तिला सगळे 'पुरे झालं' म्हणून हाक मारतात आणि ती 'ओ' देते. कानांनी ठार. काठी टेकत आली, पाट्याला हात लावून बघितला, आणि माझ्या खांद्याला धरून वर चढली. "मला ऐकू येत नाही," ती ओरडून म्हणाली, "पण बसता येतं!" आणि बसली ती बसलीच. पाचव्या दिवशी आणखी तिघी आल्या.

आणि आमचे पुरुष? आमचे पुरुष देशोधडीला लागले होते! रोज सकाळी भुजियाचा पुडा आणि पत्त्यांचा जोड घेऊन दुसऱ्या चौकांत हिंडत होते. तिथले पाटे त्यांच्या-त्यांच्या माणसांनी भरलेले. "या या, बायकांनी हाकललेले आले," असं स्वागत व्हायचं. धापूबाईच्या नातवानं हे मला सांगितलं तेव्हा मी त्याला लाडू दिला. महाराज तर घरात बसून कंटाळले आणि पंचाहत्तर वर्षांच्या बहिऱ्या बायकोशी गप्पा मारायला गेले, तर ती घरात नव्हती.

सातव्या दिवशी दुपारी आंधी आली. पश्चिमेला पिवळी भिंत उभी राहिली आणि पाहता पाहता चौकात उतरली. दारंखिडक्या धडाधड बंद झाल्या. बायकांना मी घरी पिटाळलं. ताडपत्री फाटून गेली, चादरीचे दोन दगड घरंगळले. मी त्या कोपऱ्यांवर पालथी पडले आणि दोन्ही हातांनी चादर धरून ठेवली. नाकातोंडात वाळू. मनात म्हणत होते, भुआ, बघ तुझ्या दाऊनं काय वेळ आणलीय माझ्यावर. इतका संताप आला होता की रडूही येत नव्हतं. अर्ध्या तासानं ओसरली तेव्हा मी डोळे पुसून उठले. पाट्यावर वीतभर वाळू. केरसुणी घेतली आणि झाडायला लागले. झाडता झाडता वर बघितलं, तर आमच्या खिडकीत हे उभे होते. माझ्याकडे नाही, माझ्या हातातल्या केरसुणीकडे बघत होते. भुआचीच होती ती. दांड्याला तिनं बांधलेली लाल चिंधी तशीच होती.

त्या रात्री ते जेवलेच नाहीत. मी विचारलं नाही.

बारावा दिवस उजाडला. दुपारी चारला चादर उचलायची. सकाळपासून रीघ लागली होती, आता चौकातलेही येऊ लागले होते. शेवटच्या दिवशी आलं की पुण्यही मिळतं आणि चहाही. बुलाकीदास महाराज आले, या वेळी समजून-उमजून, आणि धापूबाईपासून हातभर अंतरावर बसले. मग्घाच्या टाचाही आल्या. काठाला टेकल्या. मी मनात म्हटलं, बस मेल्या, आता तरी.

तीनच्या सुमाराला गल्लीच्या तोंडाकडून पाय येताना दिसले. घराकडून नव्हे, गल्लीकडून, परक्या माणसासारखे. पाट्यापाशी थांबले. चप्पल काढली, एक, मग दुसरी. हात जोडलेले मला दिसले नाहीत, पण सगळे गप्प झाले म्हणजे जोडले असणार. ते माझ्यासमोर काठाला टेकले. मग घसा खाकरून, अगदी परक्या घरी विचारावं तसं त्यांनी विचारलं, "काय झालं होतं?"

अडतीस वर्षांत या माणसानं मला काही विचारलं असेल तर जेवायला काय आहे, एवढंच. आता विचारलंय म्हटल्यावर सांगायचं.

"पहाटे उठल्या," मी म्हटलं. "पाटा झाडला. माठ भरला. आत वळल्या आणि दारामागेच कोसळल्या. हातात केरसुणी होती. आठपासून इथे बारा माणसं होती. माठ संपला तेव्हा..."

आणि मी थांबले. दीडदोनशे वेळा म्हटलेला शब्द तोंडातून निघेना.

"तेव्हा मी हाक मारली," हे म्हणाले. "तीनदा. भुआ, पाणी. भुआ, पाणी आण. तिसऱ्यांदा म्हणालो, बहिरी झालीस का. सगळे हसले. मीही हसलो. मग पत्ते वाटले."

बुलाकीदास महाराजांनी बोटं आवळली. ह्यांनी मान खाली घातली होती, घूंघटाखालून मला ह्यांच्या हनुवटीपर्यंतच दिसत होतं.

बारा दिवस मी याच क्षणासाठी बसले होते म्हणा ना. तो आला तर मला वाटलं होतं, माझा जीव थंड होईल. झाला नाही. मी घूंघट मागे सारला. सगळ्यांची तोंडं समोर आली, आणि मी त्यांच्याकडे बघून म्हटलं, "ती हाक मला वर स्वयंपाकघरात ऐकू आली होती. तीनही वेळा. मी खिचडा ढवळत होते. मनात म्हटलं, भुआ देईल. सणाच्या दिवशी पाणी न्यायला यांना वर कशाला बोलवा, मी कशाला खाली जा. मला वाटलं, ती देईलच. रोज देते."

धापूबाईला ऐकू गेलं नव्हतं, पण तिनं माझा हात धरला.

मी बाजूला सरकले. हे वर सरकले आणि चादरीवर, घरच्या माणसाच्या जागी, मांडी घालून बसले. त्यांच्या गुडघ्याला माझा गुडघा लागत होता. चौकात, सगळ्यांदेखत. चादर उचलायला अजून पाऊण तास होता. गल्लीतून एक अनोळखी माणूस आला, हातात पिशवी, बहुधा स्टेशनावरून आलेला. पांढरी चादर बघून थांबला, बूट काढले, हात जोडून काठाला टेकला आणि म्हणाला, "काय झालं होतं?"

ह्यांनी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.